हाल्बफिनालेचं दार

१४ फेब्रुवारी, शनिवार

ही डायरी औषधाच्या दुकानात फुकट मिळाली. वर मधमाशीचं चित्र आहे. मराठी बोलायला इथं रेस्टॉरंटचे मालक मोहनशेठ सोडून कोण नाही, आणि मोहनशेठशी बोलण्यापेक्षा कागद बरा. उलटून बोलत नाही.

आज टेकडीवरच्या कॉलेजात समोसे पोचवले. कॉलेज कसलं, बिस्किटाचा पुडा उभा केल्यागत एक इमारत. डार्मश्टाटच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत ज्यांना घेतलं नाही ते इथं येतात, असं मोहनशेठ म्हणतात. पण आव असा, की ही पोरं नसती तर जर्मनीची यंत्रं बंद पडली असती. आता म्हणे ह्यांची बास्केटबॉलची टीम देशभरच्या कॉलेजांच्या स्पर्धेत पुढं चाललीय. दहा उंट एका बॉलमागं पळतात आणि त्यांच्या बुटांचा चीं चीं आवाज येतो. ह्यासाठी आईबापांनी विमानात बसवलं.

बघणाऱ्यांत आपली पोरं पंधरा-वीस. म्होरक्या यशोधन, पुण्याचा. दाढी कोरलेली, गळ्यात कॉलेजचा मफलर. दर वाक्याला 'गेनाऊ, गेनाऊ' करतो. म्हणजे 'अगदी बरोबर'. समोरचा काही बरोबर बोललेला नसतो. मला म्हणाला, "दादा, ट्रे तिकडे ठेवा ना. आणि रिकामे आजच नेणार का?" माझ्याहून मोठाच असेल. पुण्याच्या माणसाला ज्याचं नाव विचारायचं नसतं त्याला तो दादा म्हणतो.

ट्रे रिकामे होईस्तोवर दारात उभा राहिलो. रेस्टॉरंटात तंदूरच्या भट्टीपुढं उभं राहूनच पोट भरतो, उभं राहायचं मला काही वाटत नाही. ही पोरं ज्याच्या नावानं घसा फोडत होती तो ध्रुव, नाशिकचा, टीममधला एकटा मराठी. गंमत म्हणजे तो खेळतच नाही. बाकावर बसतो, टाळ्या वाजवतो, खेळून आलेल्यांना पाणी देतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव वेटर ठेवलं.

जिंकले. मला काय.

२८ फेब्रुवारी, शनिवार

परत समोसे, परत तीच हाले. हॉलला इथं हाले म्हणतात. एवढ्या फरकासाठी आख्खी वेगळी भाषा.

पोचलो तेव्हा ह्यांची टीम मार खात होती. यशोधनचं तोंड शिळ्या नानसारखं झालेलं. मी आपला दारात उभा. मग काय झालं कुणास ठाऊक, ह्यांचा एक लंबू गोरा एकामागून एक बॉल टाकत सुटला. मी ट्रे उचलायला पुढं झालो तर यशोधन किंचाळला, "दादा, हलू नका! तिथंच थांबा, प्लीज!"

मला वाटलं पायाखाली काही आहे. तर म्हणे मागच्या खेपेलाही मी दारात आलो आणि टीम सुटली, आजही तेच. म्हणून मी हलायचं नाही.

माझा मामा क्रिकेट बघताना असंच करायचा. एक पाय पोटाशी घेऊन बसायचा आणि कोणी जागचं उठलं की चप्पल फेकायचा. पण मामा चौथी शिकलेला. ही पोरं रोबोट करायला शिकतात. रोबोटलाही दारात उभं करतील आणि लिंबू-मिरची बांधतील.

तरी थांबलो. ट्रे न्यायचेच होते.

जिंकले. हाल्बफिनालेत गेले, म्हणजे सेमीफायनल. सगळी माझ्या अंगावर धावून आली. यशोधननं मिठी मारली, मग हळूच मफलर हुंगला, तळणीचा वास लागला असणार. ईप्सिता म्हणून एक चष्मेवाली आहे, नागपूरची. तिनं विचारलं, "तुझं नाव काय रे?" मी सांगितलं, तर सगळी हाले 'विष्णू, विष्णू' करायला लागली. एक म्हातारा जर्मन गाईची घंटा घेऊन येतो, त्यानंही ती माझ्या कानाशी वाजवली.

बावळट लोक.

मोहनशेठचे फोन येऊन गेले. घेतले नाहीत. आवाजात कळलं नाही.

३ मार्च, मंगळवार

दुपारी गिऱ्हाईक नसताना तो वेटर आला. ध्रुव. काउंटर सोडून सरळ भट्टीच्या खिडकीपाशी.

"तू दारातला ना?"

"तू बाकावरचा ना?"

चिडेल वाटलं होतं. हसला. नान मागितलं, उभ्यानंच खाल्लं. मग विचारतो, "मॅचच्या आधी आम्ही बॉल टाकतो ना, तेव्हा मला बघितलंयस का कधी? कसा टाकतो मी?"

मी म्हणालो, "म्हैस डबक्यात उडी मारते तसा उडतोस. हात बरा आहे. पाय गबाळे."

"बाकीचे म्हणतात, तू भारी आहेस, कोच मूर्ख आहे."

"त्यांना काय कळतंय? मलापण कळत नाही. पण मला दिसतं."

लय हसला. मग म्हणाला, हे त्याचं शेवटचं सेमिस्टर. दोन वर्षांत एकदाही उतरवलेलं नाही. आणि नाशिकला त्याचे पप्पा सोसायटीभर सांगत फिरतात, पोरगा जर्मनीत कॉलेजकडून खेळतो. ह्यानं कधी नाही म्हटलं नाही. "एकदा, एकच मिनिट उतरलो ना विष्णू, तरी ते खोटं राहणार नाही."

जाताना म्हणाला, "येत जाईन. इथं मला कोणी खरं बोलत नाही."

असल्यांची कीव येते. एवढं शिकून खरं ऐकायला तंदूरवाल्याकडं यायचं.

७ मार्च, शनिवार

ध्रुव परत आला होता. तिसऱ्यांदा. पाय कसे उचलायचे ते मी त्याला मागच्या अंगणात करून दाखवलं. मला बास्केटबॉल येत नाही, पण कबड्डीत पाय कुठं पडतो त्यावर सगळं असतं, आणि कबड्डी मी पोटभर खेळलोय. शाळा त्यातच गेली. तरी त्याचा पाय पुढंच पडतो. काय करणार, वळणच तसं.

९ मार्च, सोमवार

हाल्बफिनाले २१ तारखेला, शनिवारी, लुडविग्सहाफेनला. दुपारी एकला. यशोधन आज रेस्टॉरंट बंद असताना मागच्या दारानं आला. सोबत ईप्सिता. "विष्णू, तुला यावंच लागेल. तू नाहीस तर आम्ही हरलो." दादावरून विष्णूवर आला, काम पडलं की नाव आठवतं. मी म्हणालो, मला वेळ नाही, शनिवारी दोन पार्ट्या आहेत. ईप्सिता म्हणाली, "उर्लाउब माग ना, सुट्टी हक्काची असते." इथल्या झाडांनापण हक्क असतात म्हणे.

ती गेल्यावर मोहनशेठला विचारलं. सहज. मोहनशेठ मूळचे कल्याणचे, रेस्टॉरंट त्यांचं, माझा व्हिसा त्यांच्या कागदावर. टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "शनिवार? डोकं ठिकाणावर आहे का?"

"एकच दिवस, शेठ."

"तू एप्रिलात गावाला चाललायस ना जत्रेला, पंधरा दिवस? मी तुझ्याजागी माणूस कुठून आणू सारखा? एक सांग. शनिवार पाहिजे की एप्रिल? दोन्ही मिळणार नाही."

"सांगतो," म्हणालो.

ह्यात सांगायचं काय. त्या उंटांसाठी कोण गावाला जायचं सोडतं? दोन वर्षं झाली घर बघून.

१० मार्च, मंगळवार

मोहनशेठना शनिवार सांगितला.

कारण लिहून ठेवतो. जत्रेत असतं काय? तोच पाळणा, तीच धूळ, तीच माणसं तेच विचारतात, 'तिकडं पगार किती'. देव काय पळून जात नाही, दरवर्षी तिथंच असतो. आणि एप्रिलात ऊन लय. असा सगळा विचार करून ठरवलं. ह्या पोरांचा काही संबंध नाही.

११ मार्च, बुधवार

आईचा फोन. बोकड बघून ठेवलाय म्हणाली, तांबडा, कान लांब. मी म्हणालो चांगलाय. बाकीचं सांगायला गेलो तेवढ्यात रेंज गेली. म्हणजे गेली नव्हती, जाईल असं वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. पोरांनी त्यांच्या होस्टेलच्या बाल्कनीत गुढी उभारली. मला बोलावलं होतं, पण मी त्यासाठी गेलो नाही, श्रीखंडाचा डबा पोचवायचा होता.

गुढीला काठी म्हणून बर्फात घसरायची असते ती. वर तांब्याऐवजी कुणाचा तरी चहाचा थर्मास. आणि रेशमी वस्त्राच्या जागी ध्रुवची खेळायची बनियन, पाठीवर १४ नंबर. साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत म्हणून चॉकलेटची सोनेरी नाणी माळ करून बांधलेली. यशोधननं हात जोडून सांगितलं, "हे गुढीदेवते, ध्रुवला उतरव." सगळी खिदळत होती, पण हात जोडलेले. मी मात्र नुसता उभा होतो. खिशात हात होते.

थंडीत बनियन कडक झाली. ध्रुव मला बाजूला म्हणाला, "पप्पांना सांगितलंय शनिवारी सेमीफायनल आहे. पेढे आणून ठेवलेत त्यांनी."

"पेढे आणून ठेवू नयेत," मी म्हणालो. "अपशकुन असतो."

मीच म्हणालो. कसं आलं तोंडातून कुणास ठाऊक. थंडी होती.

मग ईप्सितानं टी-शर्ट वाटले. सगळ्यांच्या पाठीवर आपापलं नाव. माझ्या पाठीवर लिहिलंय TÜR. जर्मनमध्ये ट्यूर म्हणजे दार. आख्ख्या शर्टाच्या ढिगात एकटा मी असा की ज्याला नाव नाही, दार आहे. यशोधन म्हणाला, "कसला भारी आहे ना?" मी म्हणालो, "कापड हलकं आहे."

घालून बघितला. बसतो.

२१ मार्च, शनिवार

आज सगळं नीट लिहितो.

सकाळी पीठ मळून, टिक्क्याचं मांस मसाल्यात लावून ठेवून निघालो. संध्याकाळच्या पार्टीला परत यायचं असं मोहनशेठना कबूल केलं होतं. एप्रिल देऊन आख्खा शनिवारही नाही मिळाला. समोसे घेतले, ते माझ्यातर्फे. ट्रेनमध्ये पोरांनी एवढा गोंधळ घातला की एक बाई डबा सोडून गेली. ध्रुव टीमच्या बसनं गेला होता.

लुडविग्सहाफेन म्हणजे नुसती धुराडी आणि पाइप. हाले मोठी. आणि मोठी हाले म्हणजे काय, तर दारं सहा. ह्याचा विचार त्या हुशारांनी केलाच नव्हता. मी कोणत्या दारात उभं राहायचं ह्यावर भांडण लागलं. यशोधन म्हणाला, आपल्या हालेत दार बाकाच्या उजवीकडे आहे, म्हणून उजवीकडचं. एकजण म्हणाला दिशा बघा, ते दार पूर्वेला होतं. मोबाइल काढून पूर्व शोधली. शेवटी उजवं पूर्व ठरलं.

उभा राहिलो. पाच मिनिटांत पिवळ्या जाकिटातला माणूस आला. "फ्लुख्टवेग!" म्हणजे आग लागली तर पळायची वाट, तिथं कोणी उभं राहायचं नाही. मी म्हणालो, आग लागली तर मीच पहिला पळेन. माझं जर्मन त्याला कळलं नाही किंवा कळलं. आत बसा नाहीतर बाहेर व्हा, म्हणाला.

ईप्सितानं शेजारची खुर्ची दाखवली. तिकिटावर माझीच होती ती. बसलो. बसल्या बसल्या आपल्या टीमचा मार सुरू झाला. लंबू गोऱ्याचा बॉल रिंगला लागून बाहेर, परत बाहेर. यशोधन मागं वळून माझ्याकडं बघायचा. पहिला अर्धा खेळ संपला तेव्हा टीम लय मागं होती. पोरं पाणी प्यायला, सिगारेटी ओढायला गेली.

मी उठलो आणि दाराबाहेर गेलो. तिथं लांब बोळ आहे, दार काचेचं पण काचेवर खालून वरपर्यंत कसलीशी जाहिरात चिकटवलेली, आतलं दिसत नाही. बाहेरून दारात उभं राहायला पिवळ्या जाकिटवाल्याची हरकत नव्हती. म्हणजे दार तेच, बाजू दुसरी. मी त्याला पाठ लावून उभा राहिलो.

मी ह्यातलं काही मानत नाही. पण त्यांचा पैज लावल्यागत विश्वास, आणि मी एप्रिल सोडून आलेलो, मग खुर्चीत बसून फुकट घालवायचं कशाला? उभं राहायचं म्हणून आलो तर उभं राहावं.

खेळ परत सुरू झाला. नुसता आवाज. बूट, शिट्टी, म्हाताऱ्याची घंटा. घंटा वाजली की आपलं. हळूहळू घंटा वाढत गेली. पाय अवघडला तरी बदलला नाही.

शेवटी शेवटी दार ढकललं गेलं. ईप्सिता. "विष्णू! इथं काय करतोयस? दोघं फाउल होऊन बाहेर गेले, ध्रुवला उतरवलंय! चल आत, चल!"

"तू जा."

"अरे ध्रुव खेळतोय!"

"म्हणूनच. दार लाव."

ती बहुतेक वेडा म्हणाली. मग पळाली. दाराच्या फटीतून मला एवढंच दिसलं, १४ नंबरची पाठ, आणि मग यशोधनचं डोकं आडवं आलं.

नंतर आत आख्खी हाले ओरडली. घंटा वाजली, मग थांबली, मग शिट्ट्या, मग लय वेळ भांडल्यागत आवाज. मग दुसऱ्याच लोकांचं गाणं सुरू झालं.

एका गुणानं हरले.

पोरं बाहेर आली. कोणी रडत होतं. यशोधननं मला पाहिलं आणि म्हणाला, "अरे, तू कुठं होतास? दिसलाच नाहीस." मग रेफरीला शिव्या देत पुढं गेला. म्हणजे दार, दिशा, सगळं हाफटाइमलाच विसरले होते. मी समोशांची पिशवी त्यांच्यातल्या एकाच्या हातात दिली आणि पुढची ट्रेन पकडली. गार समोसे खाल्ले असतील त्यांनी. खाऊ देत.

पार्टीला अर्ध्या तासानं उशीर झाला. मोहनशेठ स्वतः भट्टीपुढं उभे, हातावरचे केस जळालेले. सळई माझ्या हातात दिली. एप्रिल तर आधीच घेतलाय, अजून घेणार काय?

२३ मार्च, सोमवार

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज मागच्या दारावर टकटक. ध्रुव. डोळे सुजलेले. आत आला, उलट्या केलेल्या पातेल्यावर बसला. मी कालचं पीठ होतं त्याचं नान लावलं. भट्टी आज बंद असते, तव्यावर लावलं. त्यानं हात लावला नाही.

मग सांगायला लागला. शेवटच्या क्षणी टीम तीन गुणांनी मागं होती. बॉल ह्याच्याकडं आला, कोपऱ्यात. ह्यानं टाकला, आणि गेला आत. लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन गुण, पाय रेषेवर असला तर दोन. रेफरी म्हणाला पाय रेषेवर होता. दोनच दिले.

"सगळे म्हणतात, पाय बाहेर होता, रेफरीनं चोरलं. यशोधन तर शपथ घेतो. पण तो कुठं बसला होता? पार दुसऱ्या टोकाला. मोबाइलवर घेतलेल्यांत नुसती डोकी आहेत. मी खाली बघितलंच नाही विष्णू. मला माहीतच नाही." मग म्हणाला, "ईप्सिता म्हणाली, तू दारातच होतास. शेवटपर्यंत."

"होतो."

"त्या दारासमोरच होता कोपरा. पप्पांचा फोन अजून घेतला नाहीये मी. रेफरीनं चोरलं सांगू, की मी हरवलं सांगू? तू तोंडदेखलं बोलत नाहीस. पाय कुठं होता माझा?"

नान तव्यावर फुगलं होतं ते काढलं. त्याला जरा वेळ लागला. हा पाय कायम पुढंच टाकतो, ते मला इथल्या अंगणात दिसलेलं आहे. जाहिरातीमागून काही दिसत नाही.

"बाहेर होता," मी म्हणालो. "चार बोटं चांगला बाहेर. उडालास मात्र म्हशीसारखाच. आणि तो बॉल आत गेला कसा ते देवाला ठाऊक, हात तर पार वाकडा होता."

तो मग हसायला लागला, हसता हसता नाक पुसलं, आणि नान खाल्लं. दुसरं मागितलं.

खाऊन अंगणात गेला आणि पप्पांना फोन लावला. दार उघडंच होतं, ऐकू येत होतं. "हो, उतरलो... हो पप्पा, टाकला... नाही, लाइनच्या बाहेर होता पाय. विष्णू म्हणतो." विष्णू कोण, ते सांगायलापण विसरला, बावळट. तिकडून त्यांनी विचारलंही नाही.

शिकलेली माणसं असली असतात. देशभरच्या स्पर्धेचा निकाल तंदूरवाल्याच्या शब्दावर फिरवतात.

टी-शर्ट धुवायचा राहिलाय. असू दे, एवढा काही मळला नाही.

आईला जत्रेचं सांगायला पाहिजे. उद्या फोन करतो. म्हणेन, एक मोठी मॅच होती, जावंच लागलं. ती विचारील, बघितलीस का नीट? सांगेन की सगळी. पाय कुठं होता तेसुद्धा.